कोळी अंडी घालते

पुढचं बोलणं कुठल्या एका दिवशी जसंच्या तसं झालेलं नाही. गुरुजी आणि अक्कोरू ही दोन्ही माणसं मी बांधलेली आहेत. त्यांचं भांडण मात्र मी बांधलेलं नाही. पाच घरच्या बोली घेऊन आलेली मुलं जिथे एका खोलीत बसतात, तिथे ते रोज उकरून निघतं. कधी दोन शिक्षकांत, कधी एकाच शिक्षकाच्या पोटात.

जोयडा हा उत्तर कन्नड जिल्ह्यातला क्षेत्रानं सर्वांत मोठा आणि वस्तीनं सर्वांत विरळ तालुका. माणसं ५० हजारांच्या आसपास, तीही काळी नदीच्या खोऱ्यात, व्याघ्र प्रकल्पाच्या आत-बाहेर, लहान लहान वाड्यांवर विखुरलेली. तालुक्याचं जुनं नाव सुपा. १९८० च्या दशकात सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, कचेऱ्या जोयड्याला आल्या, उठवलेल्यांपैकी बरेच जण रामनगरला वसले. कुणब्यांच्या घरात कोकणी, गवळ्यांच्या गोठ्यावर त्यांची स्वतःची मराठी, सिद्दींच्या अंगणात कोकणी-मराठी-कन्नड एकत्र घोटून झालेली बोली, हव्यकांच्या पोफळीच्या बागेत हव्यक कन्नड, नाक्यावरच्या दुकानात दख्खनी. या सगळ्या घरांतली मुलं सकाळी शाळेत येतात आणि फळ्यावर तारीख पडते ती प्रमाण कन्नडमध्ये. काही मोजक्या शाळांत प्रमाण मराठीत. दोन्ही भाषा बहुतेकांना पाहुण्याच.

गुरुजी मराठी शाळेतून निवृत्त झालेले. अक्कोरू हल्याळच्या मराठी घरातल्या, पण शिकल्या कन्नडमधून, आणि आता कन्नड शाळेत लहान मुलांचा वर्ग सांभाळतात. बाईंना अक्कोरू म्हणायची या भागातली रीत आहे. जुलै महिना. बसथांब्याशेजारचं हॉटेल, समोर चहा आणि बन्स. पाऊस कोसळतोय आणि गाडीचा पत्ता नाही.

गुरुजी : आज हजेरी किती, बाई?

अक्कोरू : पटावर बारा, आली नऊ. ओढ्यावरचा साकव रात्री वाहून गेला. पलीकडची तिघं राहिली.

गुरुजी : दरवर्षीचंच आहे. पाणी उतरलं की गावकरी पुन्हा घालतील.

अक्कोरू : परवाची गंमत सांगते. पहिलीत एक नवा मुलगा आलाय, गवळीवाड्यावरचा. मी कोंबडीवर बोलत होते. त्याला विचारलं, “निम्म मनेयल्ली कोळी इदेया?” तुमच्या घरी कोंबडी आहे का? तर तो म्हणतो, “हाय की. वर आढ्याला जाळं लावून बसलाय.”

गुरुजी : (हसतात) मग, खोटं काय बोलला? कन्नडमधली कोळी अंडी घालते, मराठीतला कोळी जाळं विणतो. त्यानं त्याच्या घरातलं सांगितलं.

अक्कोरू : मलाही हसू आलं आणि मागोमाग धस्स झालं. मी मराठी घरातली म्हणून मला उत्तर कळलं. घाटमाथ्याच्या पलीकडून, विजापूरकडून बदलून आलेल्या एखाद्या बाई असत्या, तर त्यांनी नोंद केली असती : ‘प्रश्न समजत नाही, भलतंच बोलतो.’ ती नोंद पुढे चार वर्षं त्याच्या नावाला चिकटली असती.

गुरुजी : आणि त्या बाईंचा दोष काय? त्यांना सरकारनं कन्नड शिकवायला पाठवलंय, गवळ्यांची बोली शिकायला नाही. दसऱ्यापर्यंत तो पोरगा आपसूक शिकेल की इथे कोळी म्हणजे कोंबडी. मूल भाषा उचलतं हो. तुम्ही नवी माणसं मुलांना फार नाजूक करून ठेवता.

अक्कोरू : उचलतं, पण काय उचलतं ते बघा ना. ‘बा’, ‘होगु’, ‘कोडु’ उचलतं; ये, जा, दे. ‘उरलेले’, ‘त्यापेक्षा’, ‘प्रत्येकी’, ‘म्हणून’ हे शब्द लगोरी खेळताना कुठे मिळतात? गणितातलं लेखी उदाहरण नेमकं त्यांच्यावर उभं असतं. कॅनडातले जिम कमिन्स यांनी चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी हा भेद मांडला. दुसऱ्या भाषेत गप्पा मारायला मूल एक-दोन वर्षांत शिकतं. त्या भाषेतून अभ्यास करायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. आपण पोरगं बोलायला लागलं की निर्धास्त होतो आणि चौथीत ते भागाकाराला अडलं की म्हणतो, डोकंच नाही.

गुरुजी : बरं, धरून चालू. उपाय काय? वर्गात बोली पाच, म्हणून बाया पाच?

अक्कोरू : बाई एकच. पहिले काही महिने घरचा शब्द आणि शाळेचा शब्द शेजारी शेजारी. म्हस, म्हैस, एम्मे. मूल त्याच्या शब्दात उत्तर देईल, मी ते शाळेच्या शब्दात पुन्हा म्हणेन. चूक म्हणणार नाही. तुमचा तो ओढ्यावरचा साकव आहे ना, तसंच.

गुरुजी : तुम्ही साकव म्हणता, मला ती आडवाट वाटते. कारण सांगतो. पस्तीस वर्षं नोकरी केली. मुलांना मारणारे मास्तर पाहिले, दांड्या मारणारे पाहिले. पण सगळ्यांत जास्त नुकसान केलं ते एका प्रेमळ वाक्यानं : ‘त्याला तेवढंच पुरे.’ जोयड्यात कंदमुळांचा मेळा भरतो. कोन, कणगं, मुडली. कुणब्यांकडे कंदांच्या किती जाती आहेत हे बघायला लांबून माणसं येतात. मीही जातो, मला अभिमान आहे. मग कुणीतरी म्हणतं, ‘कुणब्याच्या मुलांना कंदांतूनच गणित शिकवा.’ ऐकायला गोड. पण पुढे काय होतं? कुणब्याच्या पोराला कंदांचं गणित, गवळ्याच्या पोराला म्हशींचं, आणि दुकानदाराच्या पोराला चक्रवाढ व्याजाचं. जे घर त्यांना जन्मानं मिळालं तेच तुम्ही पाठ्यपुस्तक म्हणून परत हातात देता. दहावीचा पेपर सिद्दीच्या मुलीला आणि सिर्सीच्या वकिलाच्या मुलीला एकच येतो. तिथे कुणी विचारत नाही, तुमच्या घरी काय पिकतं.

अक्कोरू : हे मी खोडणार नाही. ती भीती खरी आहे. पण त्याच गवळ्याच्या पोराचं ऐका. पंचवीस मणी मोज म्हटलं तर सतराच्या पुढे घोटाळतो. आणि त्याच्या घरी सत्तावीस म्हशी. संध्याकाळी कळप परतला की एक कमी आहे हे तो सगळ्यांच्या आधी सांगतो. मी स्वतः बघून आले.

गुरुजी : तो मोजत नाही, बाई. ओळखतो.

अक्कोरू : म्हणजे?

गुरुजी : मीही गवळीवाड्यावर शिकवलंय. तुम्हाला घरात शिरल्यावर कळतं की आजी घरात नाही. तुम्ही काय माणसं मोजता? तसंच ते. ‘सव्वीस झाल्या’ असं त्याच्या मनात येतच नाही. ‘चांदी दिसत नाही’ असं येतं. फार मोठी बुद्धी आहे ती, पण गणित नव्हे. दूध घालायला गेल्यावर लिटर, दर, मागची बाकी यांचा हिशेब लागतो. तिथे ओळख कामाला येत नाही आणि तिथेच त्याचा बाप फसतो. म्हणून म्हणतो, म्हशींचं कौतुक पुरे, त्याला हिशेब द्या.

अक्कोरू : हिशेब द्यायचाच आहे. प्रश्न आहे कुठून सुरुवात करून द्यायचा. १९८५ साली ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या रस्त्यावर विकणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नारळ विकताना त्यांचे जवळजवळ सगळे हिशेब बरोबर. तीच आकडेमोड कागदावर दिली, तर निम्म्याहून अधिक चुकली. अलीकडे, २०२५ साली, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवर तसंच काम झालं. तिथे उलट बाजूही तपासली. शाळेतल्या मुलांना कागदावरचं येत होतं आणि बाजारातला हिशेब मात्र अवघड जात होता.

गुरुजी : म्हणजे माझा हुशार विद्यार्थीही तिथे आपटला.

अक्कोरू : हो. इकडचं तिकडे आपोआप जात नाही. कुणीतरी हाताला धरून न्यावं लागतं. मी म्हशींपाशी सुरुवात करते. कुठली चांदी, कुठली भुरी, ते पाटीवर काढायला लावते. एका म्हशीला एक रेघ. दहा रेघा झाल्या की जुडी. तीन दिवसांनी म्हशी पुसून टाकते, रेघा ठेवते. आठवड्यानं रेघा पुसते, आकडा ठेवते. शेवटी त्याच्या पाटीवर जो आकडा असतो तोच हव्यकाच्या मुलाच्या पाटीवर असतो. त्याला कमी दिलं का मी?

गुरुजी : नाही. म्हशी पुसल्यात, ते बरं केलंत. पुष्कळ जण पुसायचं विसरतात.

अक्कोरू : लिहून ठेवते हे.

गुरुजी : आता दुसरं. तुमच्या कन्नड शाळांतली ती नली-कली पद्धत. मी मराठी शाळेतला, पण शेजारच्या वर्गांत बसून पाहिलंय. मुलं गोलात बसतात, डोक्यावर दोऱ्यांना चित्रं टांगलेली, भिंतीवर शिडी. प्रत्येक मूल आपल्या पायरीचं कार्ड शोधून काढतं. बघायला देखणं. पण वर्ग कोण शिकवतं? कार्ड! शिक्षक नुसता वाटप करणारा.

अक्कोरू : तिचा जन्म कुठे झाला आठवतं ना? १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात. कबिनी धरणाचा, जंगलाचा, आपल्यासारखाच तालुका. तिथले शिक्षक आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळा पाहून आले. एक मास्तर, तीन इयत्ता, कुणी शेतावरून पंधरा दिवसांनी उगवलेलं. सगळ्यांना एकच पान उघडायला सांगणं तिथे शक्यच नव्हतं. म्हणून अभ्यासाची शिडी केली : पंधरा दिवस बुडाले तर मूल जिथे होतं त्याच पायरीवर परत येतं, वर्ग त्याला सोडून पुढे निघून जात नाही. सुमारे २००९-१० पासून ती राज्यभर गेली. आज साकव वाहून गेलेली माझी तीन मुलं उद्या-परवा येतील. मला ‘मागचा धडा’ घ्यावा लागणार नाही.

गुरुजी : शिडीचा गुण मान्य. आता दोष ऐका. ‘आपापल्या गतीनं’ हे तुमचं लाडकं वाक्य. एखादं पोर एकाच पायरीवर दोन वर्षं बसून राहतं आणि सगळे म्हणतात, त्याची गती तशी आहे. पूर्वी निदान नापास व्हायचं. घरी बोंब व्हायची, बाप शाळेत यायचा. आता ते शांतपणे मागे राहतं, कुणाला आवाजही येत नाही. आणि गट! हुशारांचा गोल, मधल्यांचा गोल, ‘ढ’ मुलांचा गोल. नाव काहीही द्या, मुलांना बरोबर कळतं आपण कुठल्या गोलात आहोत. मागच्या बाकाला तुम्ही चटई घातलीत, एवढंच.

अक्कोरू : होतं असं, नाकारत नाही. गट एकदा पाडला आणि वर्षभर तसाच ठेवला की त्याची जात होते. पण गट रोज मोडता येतो. ‘प्रथम’ संस्थेनं मुंबई आणि वडोदऱ्यात बालसखी नेमल्या होत्या. वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं दिवसातले दोन तास तिच्याकडे, उरलेला वेळ आपल्या वर्गात. ती मुलं खरोखर पुढे गेली का हे अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांनी तपासलं, आणि गेली असं दिसलं. पुढे त्याचंच ‘योग्य पातळीवर अध्यापन’ झालं, आपल्या राज्यातही त्या धर्तीवर वाचनाचे वर्ग झाले. त्यात मुलाचं वय किंवा इयत्ता बघत नाहीत. अक्षर वाचतं, शब्द वाचतं, परिच्छेद वाचतं, एवढंच बघतात. वाचनात खालच्या गटात असलेला माझा गवळी चित्रकलेत आणि परिसराच्या तासाला सगळ्यांच्या पुढे असतो. एकाच दिवसात तो तीन गटांत बसतो.

गुरुजी : ते तुम्ही गट हलवलेत तर. हलवायला वेळ लागतो, आणि शिक्षक असतो एक.

अक्कोरू : कायद्यानं साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असायला हवेत.

गुरुजी : कायद्यानं बरंच काही हवं असतं. शिक्षण हक्क कायद्यातच आहे ना, शिकवणं ‘शक्य तितकं’ मातृभाषेतून? ‘शक्य तितकं’! त्या दोन शब्दांतून सगळं निसटतं. त्याआधी घटनेचं ३५०क कलम आलं, १९५६ साली : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं. त्याच्या बळावर आमच्या मराठी शाळांची बाजू मांडली जाते. मी त्या शाळेत जन्म घालवला. पण एक गोष्ट सीमाभागातला कुणी उघड बोलत नाही, ती आज बोलतो. माझ्या मराठी शाळेतल्या कुणब्याच्या पोराला पुस्तकातली मराठी परकीच होती. ‘मी जातो’ हे त्याला शिकावं लागलं. त्याच्या घरी ‘हांव वतां’ म्हणतात. बाहेर सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या अहवालावर भांडणं. कारवार, हल्याळ, सुपा कुणाचे, यावर मोर्चे. आणि आत वर्गात ते पोर गप्प. त्याची भाषा कुठली हे दोन्ही बाजूंनी परस्पर ठरवलेलं.

अक्कोरू : हे तुम्ही म्हणताय?

गुरुजी : निवृत्त माणूस काहीही म्हणू शकतो. पण यातून मी निष्कर्ष तुमच्या उलटा काढतो. घरची भाषा सांभाळत बसायचं तर शेवट नाही. म्हणून शाळेची एक भाषा घट्ट धरा आणि ती सगळ्यांना नीट द्या.

अक्कोरू : आणि मी म्हणते, म्हणूनच नुसतं ‘माध्यम’ बदलून भागत नाही. पाटी मराठी असो की कन्नड, पहिल्या दिवशी मूल काय बोललं ते ऐकणारा कान हवा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकार मातृभाषेचं माध्यम लादू शकत नाही, निवड पालकांची. माझ्या गावचे पालक निवडतात काय? जमलं तर इंग्रजी. म्हणजे उद्या माझ्यासमोर तिसरीच भाषा येईल. तेव्हाही प्रश्न हाच राहील.

(पाऊस वाढतो. हॉटेलच्या पत्र्यावर असा काही आदळतो की पुढची दोन वाक्यं वाहून जातात. अक्कोरू खुर्ची ओढून गुरुजींच्या समोर बसतात.)

अक्कोरू : यावरून आठवलं. माझ्या वर्गात एका मुलीला कमी ऐकू येतं. तालुक्याच्या केंद्रातून येणाऱ्या विशेष शिक्षिकेनं मला तीन गोष्टी सांगितल्या. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, मुलीकडे तोंड करून बोला. तोंडी सूचना दिली की तीच फळ्यावर लिहा, नाहीतर चित्र काढा. आणि दुसऱ्या मुलानं उत्तर दिलं की ते उत्तर तुम्ही पुन्हा म्हणा. मी करू लागले, तिच्यासाठी म्हणून. मग पावसाळा सुरू झाला. आमचा वर्ग पत्र्याचा. असा पाऊस लागला की कुणालाच काही ऐकू येत नाही. इतर वर्षी मी असे दिवस पाढे लिहा म्हणून काढायचे. या वर्षी वर्ग चालू राहिला, गुरुजी. सगळ्यांना सवय झाली होती तोंडाकडे बघायची, फळ्यावरचं चित्र वाचायची.

गुरुजी : (थोडा वेळ गप्प) हे मला पटलं. का, सांगू? यात तुम्ही त्या मुलीला बाजूला काढलं नाहीत. वर्ग तिच्या जवळ नेलात. माझा राग आहे तो बाजूला काढण्यावर. मागे एका प्रशिक्षणात एक जण सांगत होता, काही मुलं डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी, काही हातांनी. प्रत्येकाची चाचणी घ्या आणि तसा धडा द्या. मी म्हटलं, साहेब, पोहायला डोळ्यांनी शिकणारा पोरगा दाखवा.

अक्कोरू : तुम्ही बरोबर होतात. २००८ साली चार मानसशास्त्रज्ञांनी यावरचं सगळं संशोधन चाळून काढलं. मुलाच्या ‘शैली’प्रमाणे शिकवल्यानं ते जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा सापडला नाही. तरी ते अजून सांगितलं जातं, कारण सोपं आहे. मुलांवर तीन चिठ्ठ्या चिकटवल्या की झालं. खरा फरक वेगळा असतो : कुणाला काय आधीपासून माहीत आहे, कुणाला काय ऐकू येत नाही, दिसत नाही, कुणाचा साकव वाहून गेलाय.

गुरुजी : चिठ्ठ्यांवरून सांगतो. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. अक्षरं ओळखताना गोंधळणारी, वाचताना अडखळणारी मुलं त्यात आली, चांगलं झालं. पण प्रमाणपत्रासाठी जायचं जिल्ह्याच्या ठिकाणी. कारवारला जाऊन यायचं तर बापाचा दिवस बुडतो, मजुरी बुडते, आणि एका खेपेत काम होईलच असं नाही. तोवर मुलानं काय करायचं?

अक्कोरू : तोवर पुढे बसायचं आणि बाईनं तोंडाकडे बघून बोलायचं. त्याला कुठलं प्रमाणपत्र लागत नाही.

गुरुजी : (हसतात) चहा सांगा अजून एक. आणि ते गुरं राखणाऱ्या पोरांचं काय करता? माझ्या वेळी भात कापणी आली की अर्धा वर्ग रिकामा. मी घरोघर जाऊन ओरडायचो.

अक्कोरू : ओरडून आली का?

गुरुजी : आली. दोन दिवस.

अक्कोरू : ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोसबाडला वारली मुलांसाठी काय करत होत्या, ते तुम्हीच मला मागे सांगितलं होतं.

गुरुजी : कुरणशाळा. पोरं गुरांमागे जातात, तर शाळाही कुरणावर. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाच्या अंगणात जावं, यातून तर अंगणवाडी आली. शहरातला मॉन्टेसरीचा महाग सामान-सरंजाम बाजूला ठेवून त्यांनी गारगोट्या, बिया, पानं घेतली. पण ताराबाईंसारखी माणसं किती जन्मतात? त्यांच्यावर शिक्षण खातं चालत नाही.

अक्कोरू : माझा मुद्दा अगदी हाच आहे. बरं, तुम्ही एकट्यानं चार इयत्ता सांभाळल्यात. ‘सगळ्यांना एकच धडा’ असं म्हणणारे तुम्ही प्रत्यक्षात काय करत होतात?

गुरुजी : काय करणार? चौथीतली एखादी पोर पहिलीच्या मुलांना गिरवायला बसवायची. दुसरी-तिसरीला एकच गोष्ट सांगायचो. दुसरीनं चित्र काढायचं, तिसरीनं शेवट बदलून लिहायचा. नवीन पोर आलं की तीन-चार दिवस त्याला काही विचारायचो नाही. नुसतं ऐकायचो. त्याच्या घरचे शब्द एका वहीत टिपून ठेवायचो. कुणाच्या घरी भाताला शीत म्हणतात, जळू चावली की कुणाची आई काय लावते, कुणाला रडवायचं नाही, कुणाला भूक लागली की गणित सुटत नाही. असं सगळं.

अक्कोरू : वही?

गुरुजी : होती एक. तीन-चार भरल्या.

अक्कोरू : म्हणजे पस्तीस वर्षं तुम्ही तेच केलंत ज्याच्याविरुद्ध अर्धा तास माझ्याशी भांडताय!

गुरुजी : छे. त्याला पद्धत म्हणू नका. घरी पाहुणा जेवायला आला की आपण विचारतो, तिखट चालतं ना? तेवढंच ते. माणुसकी.

अक्कोरू : माणुसकी बदलीबरोबर गाडीत बसून निघून जाते, गुरुजी. तुमच्या जागी जे आले, त्यांना पहिल्या दिवशी काय माहीत होतं? ते काय वाईट होते? त्यांना फक्त कुणी सांगितलं नव्हतं. त्या वह्या कुठे आहेत?

गुरुजी : शाळेच्या कपाटात ठेवून निघालो.

अक्कोरू : कुणी वाचल्या?

गुरुजी : कुणी मागितल्या नाहीत. (थांबून) आणि खरं सांगायचं तर मीही हातात दिल्या नाहीत. वाटलं, आपलं खाजगी आहे. त्यात नवा माणूस काय बघणार. आता रद्दीत गेल्या असतील, नाहीतर वाळवीनं खाल्ल्या असतील.

अक्कोरू : ओढ्यावरचा साकव दरवर्षी वाहून जातो आणि गाव दरवर्षी घालतं, कारण लाकडं कुठून आणायची, कुठल्या दगडाला बांधायची हे गावातल्या दहा जणांना माहीत आहे. वर्गातलं एका माणसाला माहीत असतं, आणि तो बदलून जातो.

गुरुजी : म्हणून तुम्ही म्हणणार, कागदावर आणा. आणा! आणि मग काय होईल तेही सांगतो. वरून एक तक्ता येईल. ‘विद्यार्थ्याची घरची भाषा’, ‘विशेष गरज’, ‘केलेली उपाययोजना’. रकाने भरायचे, सही करायची, केंद्रात द्यायची. मार्चमध्ये तुम्ही एका रात्रीत बारा मुलांचे तक्ते भराल, सगळ्यांत एकच वाक्य. तुमची ती प्रगतीपत्रकं आत्ता पिशवीत आहेत ना? बघू. यात चांदी म्हैस कुठल्या रकान्यात लिहिता?

(अक्कोरू पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढतात. वरून खाली बघतात.)

अक्कोरू : रकाना नाही.

गुरुजी : झालं तर.

(दोघंही बराच वेळ काही बोलत नाहीत. हॉटेलवाला रिकामे पेले उचलून नेतो. खालच्या वळणावर गाडीचा हॉर्न ऐकू येतो.)

अक्कोरू : चांदी म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली, बरोबर?

गुरुजी : बरोबर. आणि भुरी म्हणजे राखाडी, काळी नव्हे. गवळ्याच्या पोरासमोर भुरीला काळी म्हणालात तर तो तुम्हालाच अडाणी समजेल.

(अक्कोरू त्या मुलाचं प्रगतीपत्रक उलटं करतात. कोऱ्या बाजूवर लिहू लागतात.)

अक्कोरू : सांगा पुढे.

गुरुजी : भुंडी. शिंगंच नसलेली. वाकडशिंगी, मोडशिंगी, या दोन वेगळ्या. एक जन्मानं, एक मारामारीनं. वर्गीकरणाचा धडा घेताना कामाला येतील. मग पुसा बरं का.

अक्कोरू : पुसते. सावकाश सांगा, पेन भिजलंय.

(गाडी येऊन उभी राहते. कंडक्टर दोनदा घंटी मारतो, मग खिडकीतून कन्नडमध्ये हाक मारतो. अक्कोरू उठतात, कागद अजून टेबलावरच आहे.)

गुरुजी : थांब म्हणावं त्याला. अजून बांडी राहिली.